लॅपटॉपमधील प्रोसेसर बूस्ट

संगणकाच्या प्रोसेसरने परिस्थिती अनुकूल असेपर्यंत, थोड्या काळापुरते, आपल्या मूळ घोषित वेगापेक्षा अधिक वेगाने आपोआप काम करण्याच्या सोयीस प्रोसेसर बूस्ट असे म्हणतात. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांत हे तंत्र 'टर्बो बूस्ट' या नावाने ओळखले जाते. एएमडी कंपनीने त्यास आरंभी 'टर्बो कोअर' आणि २०१७ पासून 'प्रिसिजन बूस्ट' असे नाव दिले. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत ही सोय खरेदीच्या वेळीच चालू असते.

बूस्टमुळे प्रोग्रॅम लवकर उघडतात आणि संगणक तत्परतेने प्रतिसाद देतो. मात्र वेग ज्या प्रमाणात वाढतो, त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात विजेचा वापर आणि उष्णता वाढते. साधे लेखन, वाचन किंवा ऑनलाइन वर्ग चालू असतानाही लॅपटॉप तापणे आणि त्याचा पंखा मोठ्याने फिरू लागणे, याचे हे एक प्रमुख कारण आहे. अशा वेळी यंत्रात बिघाड असेलच असे नाही. बूस्टला वाजवी मर्यादा घातल्यास दैनंदिन कामात जाणवण्याजोगा फरक न पडता लॅपटॉप थंड आणि शांत ठेवता येतो. ही मर्यादा केवळ मांडणीतील बदलाने घालता येते आणि हवी तेव्हा काढूनही टाकता येते.

## मूळ वेग आणि बूस्ट वेग

प्रोसेसरचे काम ठरावीक कालांतराने होणाऱ्या विद्युत स्पंदांच्या तालावर चालते. एका सेकंदातील स्पंदांच्या संख्येस वारंवारता म्हणतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज स्पंद. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात सामान्यतः दोन वारंवारता दिलेल्या असतात. ठरवून दिलेल्या वीजवापराच्या मर्यादेत राहून प्रोसेसर जो वेग दीर्घकाळ राखू शकतो, तो मूळ वेग होय. अनुकूल परिस्थितीत तो जास्तीत जास्त जेथवर जाऊ शकतो, तो कमाल बूस्ट वेग होय.

या दोहोंतील अंतर लॅपटॉपांत बरेच मोठे असते. २०१७ साली आलेल्या इंटेल कोअर आय५-८२५०यू या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल बूस्ट वेग ३.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. एएमडीच्या रायझन ५ ५५००यू या प्रोसेसरसाठी हेच आकडे २.१ आणि ४.० गिगाहर्ट्झ आहेत. इंटेलच्या २०२२ मधील कोअर आय५-१२३५यू या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. बूस्टच्या काळातील कमाल वीजमर्यादा मात्र ५५ वॅट आहे. खोक्यावर किंवा जाहिरातीत ठळकपणे छापलेला वेग हा बहुधा कमाल बूस्ट वेग असतो. तो सतत मिळेल असा त्याचा अर्थ नसतो.

बूस्टचा मूळ हेतू समजून घेण्यासाठी बोरघाटातील रेल्वेचे उदाहरण उपयोगी पडते. कर्जतहून लोणावळ्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांना ३७ला १ असा तीव्र चढ चढण्यासाठी मागून 'बँकर' म्हणून ओळखली जाणारी जादा इंजिने जोडतात. घाट संपला की ती इंजिने सोडवली जातात आणि गाडी आपल्या मूळ इंजिनावर पुण्याकडे जाते. बूस्ट हा प्रोसेसरचा बँकर आहे. जड काम आले की त्याने जोर लावावा आणि काम संपले की बाजूला व्हावे, अशी अपेक्षा असते. अडचण अशी की समोर घाट आहे की सपाट रस्ता, हे प्रोसेसरला नेहमी ओळखता येत नाही. पार्श्वभूमीवर चाललेले एखादे अद्ययावतीकरण किंवा संकेतस्थळावरील हलती जाहिरात यांसाठीही तो पूर्ण जोर लावतो.

## इतिहास

१९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की ट्रान्झिस्टरचा आकार ज्या प्रमाणात लहान होतो, त्या प्रमाणात त्याचे व्होल्टेजही कमी करता येते. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. पुढील सुमारे तीन दशके हा नियम उपयोगी पडला आणि प्रोसेसरांचा वेग सातत्याने वाढत गेला. ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाल्यावर त्यांतून होणारी विद्युतगळती वाढली आणि व्होल्टेज आणखी कमी करणे अवघड झाले. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. चार गिगाहर्ट्झची नियोजित आवृत्ती कंपनीने त्याच वर्षी रद्द केली. त्यानंतर एकाच प्रोसेसरमध्ये दोन, चार किंवा अधिक गाभे, म्हणजे कोअर, बसवण्याकडे कल वळला.

अनेक गाभे आल्यावर नवा प्रश्न निर्माण झाला. सर्व गाभे एकाच वेळी चालू असताना उष्णता मर्यादेत राहावी म्हणून मूळ वेग कमी ठेवावा लागे. परंतु पुष्कळ प्रोग्रॅम एकदोनच गाभे वापरतात. अशा वेळी रिकाम्या गाभ्यांच्या वाट्याची वीज चालू गाभ्याला द्यावी, या कल्पनेतून बूस्ट आले. इंटेलने नोव्हेंबर २००८ मध्ये 'नेहेलम' पिढीच्या कोअर आय७ प्रोसेसरांबरोबर टर्बो बूस्ट आणले आणि २००९ मध्ये ते लॅपटॉपांत उपलब्ध झाले. एएमडीने २०१० मध्ये फिनॉम २ एक्स६ या प्रोसेसरांत टर्बो कोअर दिले.

वेग कमी करण्याचे तंत्र त्याआधीपासूनच होते. बॅटरी वाचवण्यासाठी काम नसताना वेग उतरवणारे 'स्पीडस्टेप' इंटेलने २००० साली लॅपटॉपांसाठी आणले होते. २०११ च्या 'सँडी ब्रिज' पिढीत टर्बो बूस्टची दुसरी आवृत्ती आली. प्रोसेसर व त्यावरील धातू तापण्यास थोडा वेळ लागतो, याचा लाभ घेऊन तेवढ्या वेळापुरती ठरलेली वीजमर्यादा ओलांडण्याची मुभा तिने दिली. लॅपटॉप अचानक तापण्याचा आजचा अनुभव बऱ्याच अंशी येथून सुरू होतो. २०१५ च्या 'स्कायलेक' पिढीपासून वेग कधी बदलायचा हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमऐवजी प्रोसेसरने स्वतः, काही मिलिसेकंदांत घेण्याची सोयही झाली.

## कार्यपद्धती

बूस्ट किती आणि किती वेळ मिळेल, हे पुढील गोष्टींवर ठरते.

* तापमान : प्रोसेसरच्या आतील तापमान ठरलेल्या मर्यादेखाली असावे लागते. इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉप प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते.
* वीजवापर : दीर्घकाळासाठी एक आणि अल्पकाळासाठी दुसरी, त्याहून मोठी, अशा दोन मर्यादा असतात.
* विद्युतप्रवाह : प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या घटकांची क्षमता.
* चालू गाभ्यांची संख्या : एकच गाभा चालू असताना सर्वांत अधिक वेग मिळतो.
* कालावधी : इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांत गेल्या काही सेकंदांतील सरासरी वीजवापर पाहिला जातो. हा कालावधी पुष्कळदा २८ सेकंदांचा असतो. सरासरी दीर्घकालीन मर्यादेला भिडली की वेग उतरवला जातो.

यांपैकी वीज आणि कालावधी यांच्या मर्यादा लॅपटॉपचा उत्पादक आपल्या यंत्रातील पंखा व जागा पाहून ठरवू शकतो. म्हणून एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप वेगवेगळ्या वेगाने चालतात आणि वेगवेगळे तापतात.

उष्णतेचा हा हिशेब तलावासारखा आहे. लोणावळ्याच्या भुशी धरणासारखा लहान जलसाठा रिकामा असेल तर जोराची सर तो पोटात घेतो. तो भरला की मात्र जेवढे पाणी येईल तेवढे बाहेर पडलेच पाहिजे. लॅपटॉपमधील तांब्याच्या उष्णतावाहक नळ्या आणि धातूच्या पातळ पात्या हा असाच लहान साठा आहे. बूस्टचे पहिले काही क्षण उष्णता त्यांत सामावते. नंतर ती बाहेर टाकण्याचा वेग केवळ पंख्यावर अवलंबून राहतो. पंखा पुरा पडला नाही तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. या क्रियेस थ्रॉटलिंग म्हणतात.

मोठ्या संगणकांत उष्णता वाहून नेण्यासाठी अधिक समर्थ योजना असते. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक घडवला. त्याच परंपरेतील परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत उभा राहिला. त्याचे प्रोसेसर द्रवाच्या साहाय्याने थंड ठेवले जातात. दोन सेंटिमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये यासाठी जागा नसते. तेथे उष्णता हटवण्यापेक्षा ती मुळात कमी निर्माण करणे, हाच सोपा उपाय ठरतो.

## वेग, व्होल्टेज आणि उष्णता

प्रोसेसरच्या चालू स्थितीतील वीजवापराचा मुख्य भाग हा वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वेग वाढवायचा तर ट्रान्झिस्टरांनी अधिक लवकर उघडझाप करावी लागते आणि त्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे वीजवापर दोन्ही बाजूंनी वाढतो.

समजा, एखादा प्रोसेसर २ गिगाहर्ट्झला ०.८ व्होल्ट आणि ४ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट घेतो. वेग दुप्पट झाला. व्होल्टेज दीडपट झाले, म्हणून त्याचा वर्ग २.२५ पट झाला. एकूण वीजवापर २ गुणिले २.२५, म्हणजे ४.५ पट झाला. काम निम्म्या वेळात संपले असले, तरी त्या कामासाठी लागलेली ऊर्जा २.२५ पट झाली.

हेच गणित उलट दिशेने केल्यास नियमनाचा लाभ स्पष्ट होतो. त्याच प्रोसेसरचा वेग ४ वरून ३.२ गिगाहर्ट्झवर आणला आणि व्होल्टेज १.२ वरून १.० वर आले असे मानू. वेग २० टक्क्यांनी घटला. वीजवापर मात्र सुमारे ४४ टक्क्यांनी घटला. एका सेकंदाच्या कामाला सव्वा सेकंद लागेल. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात ते प्रोसेसरागणिक बदलतात आणि विद्युतगळतीचा भाग वेगळा मोजावा लागतो. तत्त्व मात्र सर्वत्र तेच आहे : बूस्टच्या वरच्या टोकाचे थोडे गिगाहर्ट्झ सर्वांत महाग पडतात.

याविरुद्ध एक युक्तिवाद केला जातो. काम झटपट संपवून प्रोसेसरने लवकर विश्रांती घ्यावी, म्हणजे एकूण ऊर्जा वाचते, असे त्याचे स्वरूप आहे. पडदा, स्मृती आणि इतर घटक काम संपेपर्यंत वीज घेतच राहतात, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे आणि अतिमंद वेगही किफायतशीर ठरत नाही. परंतु सर्वोच्च बूस्टच्या टप्प्यात व्होल्टेज इतके चढलेले असते की लवकर विश्रांती घेतल्याने होणारी बचत तेथे बहुधा भरून निघत नाही. सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान या दोन टोकांच्या मधला वेग ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा ठरतो.

## पंख्याचा आवाज

पंख्याने फेकलेली हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, आवाज मात्र त्याहून फार झपाट्याने वाढतो. पंख्यांसाठी रूढ असलेल्या नियमानुसार फेऱ्या निम्म्या केल्यास आवाजाची पातळी सुमारे १५ डेसिबलने उतरते. म्हणूनच उष्णतेत थोडी घट झाली तरी शांततेत मोठा फरक जाणवतो.

पंख्याचा एकसारखा आवाज कान काही वेळाने विसरतो. वारंवार चढणारा व उतरणारा आवाज मात्र लक्ष विचलित करतो. बूस्टमुळे तापमान क्षणात उसळते, पंखा जोरात फिरतो, काम संपताच तो मंदावतो आणि पुन्हा तेच घडते. ऑनलाइन वर्गात किंवा मुलाखतीत हा आवाज ध्वनिग्राहकातून समोरच्यांनाही ऐकू जातो. बूस्टला मर्यादा घातल्यावर ही चढउतार सर्वांत आधी थांबते.

## नियमनाच्या पद्धती

### पूर्वतयारी

मांडणीत बदल करण्यापूर्वी साध्या कारणांची तपासणी करावी. लॅपटॉप गोधडी, गादी किंवा उशीवर ठेवल्यास त्याच्या तळाची हवेची भोके बुजतात. तो पाट, मेज किंवा फळीसारख्या कठीण व सपाट पृष्ठभागावर ठेवावा. पंख्याच्या तोंडाशी साचलेली धूळ काढून घ्यावी. विंडोजमधील 'टास्क मॅनेजर'सारख्या साधनातून कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर व्यापून बसला आहे ते पाहावे. अनावश्यक प्रोग्रॅम बंद केल्याने पुष्कळदा प्रश्न तेथेच सुटतो.

### विंडोज

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टीम' व त्यातील विजेच्या विभागात 'पॉवर मोड' ही निवड असते. तेथे 'बेस्ट परफॉर्मन्स'ऐवजी 'बॅलन्स्ड' किंवा 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' निवडणे, हा सर्वांत सोपा आणि निर्धोक उपाय आहे.

दुसरा उपाय 'कंट्रोल पॅनेल'मधील 'पॉवर ऑप्शन्स' येथे मिळतो. निवडलेल्या योजनेच्या प्रगत मांडणीत 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' या शीर्षकाखाली 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ही नोंद असते. ती १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास पुष्कळ लॅपटॉपांत बूस्ट पूर्णपणे बंद होतो. बॅटरीवर असताना आणि वीजजोडणी असताना अशी दोन वेगळी मूल्ये देता येतात. बॅटरीवर ९९ आणि जोडणीवर १०० ठेवणे हा सोयीचा मध्यममार्ग आहे. काही नव्या लॅपटॉपांत ही नोंद दिसत नाही किंवा तिचा परिणाम वेगळा होतो, म्हणून बदलानंतर प्रत्यक्ष वेग पाहून खात्री करावी.

बूस्ट पूर्ण बंद केल्यास मूळ वेग कमी असलेले प्रोसेसर फार मंदावतात. वर उल्लेखिलेला आय५-८२५०यू अशा वेळी १.६ गिगाहर्ट्झवरच राहतो. त्याऐवजी 'मॅक्झिमम प्रोसेसर फ्रीक्वेन्सी' या नोंदीत मेगाहर्ट्झमध्ये मधली मर्यादा देता येते, उदाहरणार्थ, २६००. या नोंदीत शून्य हा आकडा असेल तर मर्यादा नाही असा अर्थ होतो. ही नोंद आणि 'प्रोसेसर परफॉर्मन्स बूस्ट मोड' ही बूस्टचा आक्रमकपणा ठरवणारी नोंद, या दोन्ही सामान्यतः लपवलेल्या असतात. त्या उघड करण्यासाठी 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा किंवा 'रजिस्ट्री'तील बदल करावा लागतो. सवय नसल्यास तो जाणकाराच्या मदतीने करावा.

### लिनक्स

ग्नोमसारख्या वातावरणात 'पॉवर सेव्हर', 'बॅलन्स्ड' आणि 'परफॉर्मन्स' असे पर्याय मिळतात. इंटेलच्या प्रोसेसरांवर 'इंटेल पी-स्टेट' या चालकातील 'नो टर्बो' हे मूल्य १ केल्यास बूस्ट बंद होतो. इतर चालकांत 'बूस्ट' हे मूल्य ० करावे लागते. कमाल वारंवारतेची मर्यादाही स्वतंत्रपणे देता येते. असे हाताने केलेले बदल संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीसे होतात. ते कायम ठेवण्यासाठी 'टीएलपी'सारखा प्रोग्रॅम वापरला जातो.

### मॅक आणि उत्पादकांच्या सोयी

ॲपलच्या लॅपटॉपांत २०२१ च्या 'मॉन्टेरी' आवृत्तीपासून 'लो पॉवर मोड' मिळतो. २०२० च्या एम१ प्रोसेसरच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. अनेक उत्पादक आपल्या लॅपटॉपबरोबर 'शांत', 'संतुलित' आणि 'वेगवान' अशा अर्थाच्या निवडी असलेला प्रोग्रॅम देतात. तो उपलब्ध असल्यास आधी तोच वापरून पाहावा, कारण त्यात पंखा आणि वीजमर्यादा या दोहोंचा मेळ घातलेला असतो.

### व्होल्टेज कमी करणे

वेग तोच ठेवून केवळ व्होल्टेज किंचित उतरवण्याची पद्धतही प्रचलित होती. २०१९ च्या अखेरीस 'प्लंडरव्होल्ट' नावाची सुरक्षाविषयक त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर पुष्कळ लॅपटॉपांत व्होल्टेज बदलण्याची वाट बंद करण्यात आली. व्होल्टेज अती उतरवल्यास संगणक अचानक बंद पडून काम वाया जाऊ शकते. बूस्टला मर्यादा घालण्यात हा धोका नसतो.

## परिणामाची तपासणी

नियमनाचा लाभ झाला की नाही, हे शाळेतील प्रयोगाच्या शिस्तीने पाहता येते. एकाच खोलीत, एकाच पृष्ठभागावर, एकच काम पंधरा ते वीस मिनिटे करावे. आधी बूस्ट चालू ठेवून आणि नंतर मर्यादा घालून प्रोसेसरचे तापमान, वेग आणि कामास लागलेला वेळ नोंदवावा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन नोंदींच्या दरम्यान लॅपटॉप निवू द्यावा. पाने उघडण्यास वा टंकलेखनास लागणारा वेळ जाणवण्याइतका वाढला, तर मर्यादा थोडी वर न्यावी. प्रत्येक लॅपटॉपसाठी योग्य आकडा वेगळा असल्यामुळे दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा घेणे उपयोगाचे नाही.

## हवामान आणि स्थान यांचा परिणाम

पंखा खोलीतील हवाच प्रोसेसरकडे नेतो. त्यामुळे खोलीचे तापमान जितके अधिक, तितके प्रोसेसरचेही तापमान अधिक राहते. पावसाळ्यात लोणावळ्यात २५ अंशांच्या खोलीत शांत चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यात विदर्भातील ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी सुमारे १७ अंश अधिक तापतो. तेथे बूस्टसाठी शिल्लक राहणारी तापमानाची सवलतही तेवढीच घटते.

उंचीचा परिणाम त्या मानाने किरकोळ असतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रसपाटीवरील हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. एवढ्या फरकाने प्रोसेसरचे तापमान फार तर दोनतीन अंशांनी वाढेल. पात्यांत अडकलेली धूळ याहून कितीतरी अधिक अडथळा करते.

मावळ तालुक्याच्या पश्चिम भागात, लोणावळा-खंडाळा परिसरात, पावसाळ्याचे महिने धुके आणि ओल यांत जातात. तळेगाव, वडगाव या पूर्वेकडील भागात पाऊस तुलनेने कमी असतो. दमट हवेमुळे उष्णता वाहून नेण्यात फारसा फरक पडत नाही. तथापि पंख्याच्या पात्यांवरील धूळ ओलीने चिकटून तिचा थर बसतो आणि तो सहज निघत नाही. अशा प्रदेशात पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पंख्याची सफाई करणे हितावह असते. मुसळधार पावसात वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, तेव्हा बूस्टची मर्यादा दुहेरी उपयोगाची ठरते : उष्णता कमी होते आणि बॅटरी अधिक वेळ पुरते.

## बूस्ट केव्हा चालू ठेवावा

बूस्ट हा दोष नसून उपयुक्त सोय आहे. चित्रफितीचे संपादन, मोठ्या प्रोग्रॅमचे संकलन, अभियांत्रिकी आराखडे, मोठी कोष्टके आणि खेळ यांत अधिक वेगाचा थेट लाभ होतो. मूळ वेग कमी असलेल्या जुन्या लॅपटॉपवर बूस्ट पूर्ण बंद केल्यास चित्रसंवादही अडखळू शकतो. अशा वेळी पूर्ण बंदीपेक्षा मधली मर्यादा बरी. टंकलेखन, वाचन, पत्रव्यवहार, व्याख्यान ऐकणे आणि चित्रफीत पाहणे यांसाठी मात्र सर्वोच्च बूस्टची क्वचितच गरज पडते.

## प्रचलित गैरसमज

* 'तापमान ९० अंशांवर गेले म्हणजे प्रोसेसर खराब झाला.' प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले असतात आणि मर्यादेला पोहोचताच वेग उतरवून स्वतःचे रक्षण करतात. सततच्या उष्णतेचा खरा फटका शेजारच्या बॅटरीला बसतो, कारण लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर जुनी होते.
* 'पंखा जोरात फिरतो म्हणजे तो बदलावा लागेल.' जोरात फिरणारा पंखा बहुधा आपले काम चोख करत असतो. खर्चिक दुरुस्तीचा किंवा नव्या लॅपटॉपचा निर्णय घेण्यापूर्वी सफाई आणि बूस्टची मर्यादा हे दोन बिनखर्ची उपाय करून पाहावेत.
* 'बूस्ट बंद केल्यास संगणकाचे नुकसान होते.' मर्यादा घातल्याने प्रोसेसरवरील ताण कमीच होतो आणि मूळ मांडणी केव्हाही परत आणता येते.
* 'बूस्टच्या नियमनाने सर्व प्रश्न सुटतात.' पंख्यातून घासल्यासारखा आवाज येणे, लॅपटॉप अचानक बंद पडणे किंवा बॅटरी फुगून तळ वा कळफलक वर उचलला जाणे ही बिघाडाची लक्षणे आहेत. बॅटरी फुगलेली दिसल्यास लॅपटॉप वापरणे व चार्ज करणे तत्काळ थांबवून तो जाणकाराकडे न्यावा.

## हे सुद्धा पहा

* प्रोसेसर
* वारंवारता
* ट्रान्झिस्टर
* लिथियम-आयन बॅटरी
* परम महासंगणक
* बोरघाट